इमोजीच्या आडून

२०१५ च्या एप्रिलमध्ये वेबसाइट बांधायच्या वर्डप्रेस या प्रणालीची ४.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत इमोजी आले. हुबळीत कोप्पीकर रोडच्या आसपास वेबसाइटी बांधून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. आमची गिऱ्हाइकं कोण, तर ब्याडगी मिरचीचे अडते, गोकुळ रोडवरचे कारखानदार, धारवाडचे काही प्राध्यापक, एखादं मराठी मंडळ, एखादं मंगल कार्यालय. यांतल्या कुणालाही आपल्या साइटवर हसरे पिवळे चेहरे नको होते. त्यातून प्रत्येक पानाला एक जादा स्क्रिप्ट चिकटली. ब्राउझरला इमोजी दाखवता येतात का, एवढंच ती विचारत बसायची. मिरचीचा भाव बघायला आलेल्या माणसाने तेवढा वेळ का थांबावं?

नाक मुरडणारे आम्ही एकटेच नव्हतो. इमोजी बंद करणारं प्लगिन निघालं आणि लोकांनी ते हौसेनं लावलं. लेख लिहायचा संपादक सुधारायचा सोडून हे पोरखेळ कशाला, असा सूर सगळीकडे होता. मार्चपासून बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, सर्वांसमोर होती, बदललेली ओळ न् ओळ वाचायला खुली होती. वाचणाऱ्यांनी ती वाचलीही. तरी त्या ओळी खऱ्या कशासाठी लिहिल्यात हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

वर्डप्रेसचं काम चव्हाट्यावर चालतं. ट्रॅक नावाची एक नोंदवही आहे, तीत कुणीही तक्रार घालावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती मूळ संहितेत गेली की ती कुणी केली, केव्हा केली, कोणती ओळ बदलली, हे जगाला दिसतं. आवृत्ती आकाराला आली की एकामागून एक बीटा निघतात. पहिली बीटा निघाल्यावर नवं काही घालायचं नाही, आहे ते नीट करायचं. त्यानंतर रिलीज कँडिडेट, ज्याला सगळे नुसतं आरसी म्हणतात. बीटा म्हणजे रंगीत तालीम, फरक इतकाच की प्रेक्षकांना आत बोलावून सांगितलेलं असतं : कुणाची मिशी सुटतेय असं दिसलं तर जागेवरूनच ओरडा.

ही पद्धत एकाच ठिकाणी अडते. सुरक्षेतलं भगदाड बुजवायचं असेल तर चव्हाट्यावर बुजवता येत नाही, कारण गवंडी कुठे उभा आहे यावरून चोराला भिंत कुठे कच्ची आहे ते कळतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सेद्रिक व्हान बॉकहावेन या संशोधकाने वर्डप्रेसच्या सुरक्षा गटाला असंच एक भगदाड दाखवलं होतं. दोष खरं तर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एका जुन्या सवयीत होता. त्यात यूटीएफ-८ नावाची जी सोय होती ती अर्धवट होती. युनिकोडमधली काही चिन्हं चार बाइटांची असतात आणि या सोयीत तीनच बाइट मावायचे. चार बाइटांचं चिन्ह आलं आणि कडक तपासणी बंद असली, की मायएसक्यूएल काही न बोलता तिथून पुढचा सगळा मजकूर टाकून द्यायचं. वर्डप्रेस बिचारं वाचकाची प्रतिक्रिया दारातच तपासून, धोकादायक भाग गाळून आत सोडायचं. पण तपासलेली प्रतिक्रिया आत गेल्यावर अर्धी तुटली तर? अवतरणचिन्ह उघडं राहील, टॅग अर्धा राहील, आणि त्या फटीतून आपली स्क्रिप्ट सरकवता येईल. लाखो साइटी, आणि त्यांतल्या कितीतरींवर प्रतिक्रियेची चौकट उघडी.

दुरुस्ती छोटी नव्हती. डेटाबेसशी बोलणारा भागच उकलून, कोणत्या रकान्यात कोणती अक्षरव्यवस्था आहे हे आधी विचारायचं आणि न मावणारं अक्षर आत जाण्यापूर्वीच काढायचं, असं ठरलं. एवढा मोठा बदल उघड नोंदवहीत घातला तर कुणीतरी विचारणारच, हे कशासाठी? उत्तर तयार ठेवलं होतं. इमोजीसाठी.

बहुतेक इमोजी चार बाइटांचे असतात. ते साठवायचे तर डेटाबेस चार बाइटांच्या नव्या व्यवस्थेवर न्यायलाच हवा, त्यासाठी तो भाग उकलायलाच हवा. कारण खोटं नव्हतं, फक्त पुरतं नव्हतं. गॅरी पेंडरगास्ट, माइक अ‍ॅडम्स, अँड्र्यू नेसिन ही मंडळी इमोजीच्या नावाखाली उघड्यावर भिंत बांधत राहिली आणि भोवती उभे राहून लोक पोरखेळाबद्दल नावं ठेवत राहिले. पेंडरगास्टने पुढे या प्रकरणाला ‘ट्रोजन इमोजी’ म्हटलं. २१ एप्रिलला ४.१.२ ही सुरक्षा-आवृत्ती निघाली आणि २३ तारखेला ४.२. कुणी टेकतो न टेकतो तोच २७ ला ४.२.१ काढावी लागली. योउको प्युन्नोनेन या फिनलंडच्या संशोधकाने दाखवलं होतं की तीच युक्ती दुसऱ्या वाटेनेही चालते. प्रतिक्रिया ६४ केबीहून लांब लिहायची, म्हणजे रकान्यात मावणार नाही आणि मायएसक्यूएल ती पुन्हा कापून टाकेल.

मला विचाराल तर मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी थाप आहे.

आपल्याकडच्या माणसासाठी यात आणखी एक गंमत आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटाचं. देवनागरी तीन बाइटांचं, कन्नडही तीनच. म्हणजे ज्या अर्धवट सोयीत जगभरचे इमोजी तुटून पडत होते तिच्यात आपण काठोकाठ का होईना, पण बसत होतो. बसण्याची किंमत मात्र होती. प्रतिक्रियेचा तो रकाना ६५,५३५ बाइटांचा. इंग्रजीत तेवढीच अक्षरं मावतात. मराठीत २१,८४५, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळ्यांची वेगवेगळी मोजणी. एवढी लांब प्रतिक्रिया कोण लिहितो म्हणाल, तर तुम्ही आमच्याकडचे निवृत्त प्राध्यापक पाहिलेले नाहीत.

याच्याही आधीचा काळ आठवला की आता हसू येतं. तेव्हा इथल्या छापखान्यांत मराठी मजकूर श्रीलिपीत असायचा आणि कन्नड मजकूर नुडीत नाहीतर बरहात. दाजीबानपेठेच्या बाजूचे एक छापखानेवाले काका सगळ्या अंकांचा मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन यायचे आणि म्हणायचे, “सगळं टाइप करून तयार आहे री, तुम्ही नुसतं चढवायचं.” चढवलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा खच पडायचा. त्या जुन्या फाँटांत ‘क’ हा ‘क’ नसतोच, इंग्रजीच्या एखाद्या अक्षराला ‘क’चं चित्र नेसवलेलं असतं. फाँट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं. काकांना हे पटायचं नाही. “माझ्या मशीनवर दिसतंय की!” तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग रफार आणि पहिली वेलांटी जागेवर आहेत का ते डोळ्यांनी बघायचं, यातच आमच्या धंद्याचा निम्मा वेळ जायचा. आणि एवढं करून साइटचा डेटाबेस कुणीतरी जुन्या लॅटिन व्यवस्थेवर उभा केलेला असला, की सकाळी उठून बघावं तर पानभर प्रश्नचिन्हं.

त्यामुळे नवी बीटा आली की आमच्याकडे पहिली परीक्षा भाषेची. चकचकीत सोयी नंतर. चाचणीसाठी वेगळी साइट ठेवलेली असते, बीटा टेस्टर हे प्लगिन लावलं की ती आपोआप कच्च्या आवृत्त्यांवर जाते. गिऱ्हाइकाच्या चालू साइटवर बीटा लावायची नाही, हा एकच नियम आमच्याकडे कडक आहे. मग मराठी मजकूर चिकटवायचा. जोडाक्षरं, ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र, कन्नडमधले ओत्तक्षर, इनस्क्रिप्टने टाइप केलेलं, फोनवरून बोटाने टाइप केलेलं. शोधून बघायचं, जपून ठेवून बघायचं, पुन्हा उघडून बघायचं. कॅलिफोर्नियातला माणूस हे करणार नाही, आणि त्याने का करावं?

पण काही गोष्टी कितीही बीटा गेल्या तरी जागच्या हलत नाहीत. त्यांतली माझी सर्वांत लाडकी म्हणजे पत्त्याची लांबी.

वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता बनवतं. पत्त्याच्या रकान्याची मर्यादा २०० अक्षरांची. इंग्रजी शीर्षकाला ती ऐसपैस पुरते. मराठी अक्षर मात्र पत्त्यात जसंच्या तसं बसत नाही. त्याच्या तीन बाइटांपैकी प्रत्येकासाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं लिहावी लागतात. म्हणजे एका ‘क’ला नऊ जागा. वेलांटीला आणखी नऊ. हिशेब केला तर मराठी शीर्षकातली जेमतेम बावीस चिन्हं बसतात आणि त्यापुढचं छाटलं जातं.

छापखानेवाल्या काकांनी एकदा आपल्या साइटवर लेख टाकला. विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, मराठी कंपन्या इथे मुक्काम टाकायच्या, त्या सगळ्या आठवणी. शीर्षक दिलं ‘हुबळी-धारवाडमधील मराठी नाट्यपरंपरा’. आता मोजा. ‘हुबळी’ला पंचेचाळीस जागा, ‘धारवाडमधील’ला नव्वद, ‘मराठी’ला पुन्हा पंचेचाळीस, मधल्या रेघा धरून १८३. पुढच्या ‘न’ला नऊ, झाले १९२. त्याचा काना काही बसेना. पत्ता तयार झाला तो ‘हुबळी-धारवाडमधील-मराठी-न’.

सीमाभागात असा पत्ता घेऊन हिंडणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. काकांनी तो दुवा चार मंडळांच्या गटांवर पाठवला होता. पहिला फोन बेळगावहून आला. दुसरा कुणाचा आला ते काकांनी सांगितलं नाही. आमचा धारवाडचा कन्नड सहकारी खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. “मराठी न, अंदरे कन्नड हौद्री!” ‘मराठी न’ म्हणजे कन्नडच हो, एवढंच तो दिवसभर म्हणत होता. त्याचं हसू संध्याकाळी मावळलं, कारण त्याने स्वतःच्या गावच्या जत्रेवरचा कन्नड लेख उघडून बघितला तर त्याचाही पत्ता निम्म्यावर तुटलेला. बाइटांच्या बाबतीत महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात काडीचाही वाद नाही.

उपाय सोपा आहे : पत्ता हाताने इंग्रजीत किंवा छोट्या मराठीत लिहायचा. आम्ही तेच करतो. तरी २०० हा आकडा कुणाच्या लिपीकडे बघून ठरला असेल ते उघड आहे, आणि बीटाच्या तपासणीत आपल्या लिपीची माणसं नसली की असे आकडे तसेच पुढच्या आवृत्तीत जातात.

असाच एक किस्सा सरकारी आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकाने बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली. आमचं शहर कागदोपत्री हुब्बळ्ळी झालं. मराठीत आम्ही हुबळीच म्हणत राहिलो, पण इंग्रजी साइटींवर नाव बदलायला रांग लागली. वाटलं, सोपं काम, डेटाबेसात शोधा आणि बदला. तसं कुणीतरी परस्पर केलेली एक साइट आमच्याकडे आली. मजकुरात नवं नाव व्यवस्थित, पण बाजूच्या पट्ट्यातले विजेट सगळे गायब. कारण असं की वर्डप्रेस काही मांडणी गाठोडं बांधून ठेवतं आणि प्रत्येक गाठोड्यावर आत किती बाइट आहेत ते लिहून ठेवतं. जुनं नाव इंग्रजीत पाच अक्षरांचं, नवं आठ. आतला माल बदलला, वरचा आकडा पाचच राहिला, आणि हिशेब जुळत नाही म्हणून प्रणालीने अख्खं गाठोडं नाकारलं. हे आकडेही सोबत बदलणारी अवजारं होती आणि आहेत. पण मंत्रिमंडळाच्या निर्णयाने विजेट उडतात, हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

कच्च्या आवृत्त्यांच्या गोष्टी सांगायच्या तर ५.० वर थांबावंच लागतं. इतकी भांडणं मी दुसऱ्या कुठल्याही आवृत्तीवर बघितली नाहीत.

जुना संपादक काढून गुटेनबर्ग हा तुकड्यातुकड्यांनी पान रचणारा संपादक आणायचा, हा वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मलेनवेग यांचा निश्चय. त्याचं चाचणी प्लगिन २०१७ च्या जूनमध्ये आलं. गुटेनबर्ग लिहिला होता फेसबुकने बनवलेल्या तयार साधनावर, म्हणजे रिअ‍ॅक्टवर, आणि रिअ‍ॅक्टच्या परवान्यात पेटंटसंबंधी एक खोचक कलम होतं. १४ सप्टेंबर २०१७ ला मलेनवेग यांनी जाहीर केलं की आम्ही रिअ‍ॅक्ट सोडतो, गुटेनबर्ग नव्याने लिहितो, उशीर झाला तरी चालेल. महिनोन् महिने केलेलं काम पाण्यात घालायची तयारी. आणि २२ तारखेला फेसबुकने परवानाच बदलत असल्याचं जाहीर केलं. जगातल्या एवढ्या साइटी ज्या प्रणालीवर चालतात तिने पाठ फिरवलेली त्यांना परवडणार नव्हती, असं आम्ही तेव्हा गिरमिट खाताखाता एकमेकांना समजावत होतो. आत काय घडलं ते आत असणाऱ्यांना माहीत.

५.० ची पहिली बीटा २४ ऑक्टोबर २०१८ ला निघाली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. म्हणजे तिसरी बीटा ऐन दिवाळीच्या तोंडावर, चौथी भाऊबीज उरकल्यावर. इकडे प्रत्येक दुकानदाराला साइटवर आकाशकंदील लावून हवा होता, आणि तिकडे दर काही दिवसांनी नवी कच्ची आवृत्ती थडकत होती. पहिली जाहीर तारीख १९ नोव्हेंबरची. ती हुकली. मग २७. तीही हुकली. योस्ट डी वाल्क यांच्यासारखे जुने लोक सांगत होते की जानेवारीपर्यंत थांबा, वापरण्यात अपंगांना अडचणी आहेत, प्लगिनवाल्यांना वेळ हवा आहे. वर्ष संपत आलं की कोण कशाला नवी आवृत्ती काढेल, असं समजून आम्ही निर्धास्त होतो. ४ डिसेंबरला जाहीर झालं, परवा येतेय. ६ डिसेंबरला ती आलीही.

७ तारखेपासून अमेरिकेत नॅशव्हिलला वर्डप्रेसवाल्यांचं वार्षिक संमेलन होतं. बिघडलं तर दुरुस्त करणारी कितीतरी मंडळी त्या वेळी विमानतळांवर. वर ५.० निघाली त्याच दिवशी, ज्या भाषेत वर्डप्रेस लिहिलेलं आहे त्या पीएचपीचीही ७.३ ही आवृत्ती निघाली. आमच्याकडे तेव्हा रात्र झाली होती. आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइटींवर क्लासिक एडिटर हे प्लगिन लावत बसलो होतो, ज्याने जुना संपादक परत येतो. मिरचीच्या अडत्यांना नवा संपादक काय आहे हे कळायला पुढे बरेच महिने लागले आणि कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “जुनं आहे की नाही?” आहे म्हटल्यावर त्यांना बाकी चर्चेत रस नव्हता. तांत्रिक बाजूने गुटेनबर्ग आज पुष्कळ सुधारला आहे. तारखेच्या बाबतीत मात्र डी वाल्क यांचं बरोबर होतं असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

आवृत्तीची रात्र कशी असते, हे लोक विचारतात. बघण्यासारखं फारसं काही नसतं. पूर्वी आयआरसीवर आणि २०१४ नंतर स्लॅकवर सगळे जमतात. तयार गाठोडी आधी तिथेच दिली जातात, कुणी नव्याने बसवून बघतो, कुणी जुन्यावर चढवून, कुणी चाललं असं सांगतो, आणि मग कळ दाबली जाते. अमेरिकेतल्या सोयीची वेळ म्हणजे आपली रात्र. आरसी निघाल्यानंतर एक अल्पविराम जरी बदलायचा तरी अधिकार असलेल्या दोघांची संमती लागते. ही शिस्त मला फार आवडते. कुणीही एकटा शहाणा नसतो.

प्रत्येक मोठ्या आवृत्तीला जॅझच्या कलावंताचं नाव असतं. १.० डेव्हिस, ३.० थेलोनियस, ४.२ पॉवेल, ५.० क्यूबाचे पियानोवादक बेबो. ज्या शहरांत गंगूबाई हनगल राहिल्या, मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू राहिले, तिथल्या माणसाला हे वाचून किंचित जळायला होतं. म्हणून आमच्या चाचणीच्या साइटींना आम्ही आपली नावं देतो. ‘मन्सूर पडला’ असं कार्यालयात कुणी ओरडलं की नवी आलेली मुलं दचकतात. ‘गंगूबाई’ नावाची साइट अजून एकदाही पडलेली नाही, ही गोष्ट मी फक्त नोंदवतो.

या सगळ्याची सुरुवातही तशी एका बंद पडलेल्या दुकानातून झाली. मिशेल वाल्द्रिगी या कॉर्सिकाच्या तरुणाने बी२ नावाची प्रणाली लिहिली आणि तो दिसेनासा झाला. ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा मलेनवेग २४ जानेवारी २००३ ला लिहून मोकळा झाला की आता याची नवी फांदी काढावी म्हणतो. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधून माइक लिटल यांनी कळवलं, मी येतो. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती, ०.७. तेव्हापासून गोतावळा वाढला तशी संकटंही वाढली. मार्च २००७ मध्ये तर कुणीतरी सर्व्हरमध्ये शिरून खुद्द २.१.१ च्या गाठोड्यातच मागचं दार बसवलं होतं. अख्खी आवृत्ती धोकादायक ठरवून २.१.२ काढावी लागली. आणि २०२५ मध्ये मलेनवेग यांच्याच ऑटोमॅटिक कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला आपल्या माणसांचे वर्डप्रेसच्या कामाचे तास कापले, एप्रिलमधली ६.८ ही वर्षातली शेवटची असं ठरलं, मेअखेरीस कंपनी परत कामाला लागली आणि २ डिसेंबरला ६.९ आली. त्या मधल्या महिन्यांत, आम्ही वर्डप्रेसचं जे मराठी भाषांतर करतो, त्याची रांग बघून माझा जीव खालीवर होत होता.

कारण भाषांतराचं काम शेवटच्या काही दिवसांतच खरं सुरू होतं. पहिली आरसी निघाली की शब्द गोठतात. त्यानंतर मूळ इंग्रजी वाक्यं बदलायची नाहीत, म्हणजे जगभरच्या भाषांना शांतपणे आपापलं काम करता यावं. त्याआधी केलेलं भाषांतर पुढच्या बीटात मूळ वाक्य बदललं की ‘संदिग्ध’ ठरून पुन्हा रांगेत येतं. खातं उघडून कुणीही भाषांतर सुचवू शकतो, पण भाषेच्या संपादकाने मंजूर करेपर्यंत ते वाट बघत बसतं. आमच्याकडे एका टेबलावर मराठी आणि समोरच्या टेबलावर कन्नड असं चालतं. वाक्यात कुठे नाव येईल, कुठे आकडा येईल, तिथे मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. इंग्रजीत त्यांचा क्रम एक, मराठी-कन्नडमध्ये उलटा. त्या जागांना आकडे घातले नाहीत तर लेखाच्या जागी लेखकाचं नाव येतं. अशा वाक्यांवर आम्ही दोघे एकाच वेळी अडकतो आणि बहुतेक वेळा एकच तोडगा दोघांना चालतो.

छापखानेवाले काका एकदा अशाच वेळी आले. आम्ही काय करतोय ते थोडा वेळ बघत राहिले. पैसे किती मिळतात, विचारलं. काही नाही म्हटलं. बराच वेळ ते चहाच पीत राहिले.

“नाव तरी छापतात का?”

“छापतात. आवृत्तीसोबत श्रेयाचं पान असतं, त्यात सगळ्यांची नावं येतात.”

“मराठीत लिहिलं तर चालतं?”

“चालतं की.”

काकांनी कप खाली ठेवला. “मग बघा री, तिथं तरी शेवटपर्यंत छापतात का. नाहीतर तुमचंही ‘न’वर तोडतील.”